आभासी यंत्रातील स्मृतिसंदर्भांचे आयुष्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एका संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी यंत्र होय. त्यातील डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणे म्हणजे वस्तुतः यजमान संगणकाच्या मेमरीतील नोंदी असतात. उपकरण काढून टाकल्यावर त्याची मेमरी मोकळी करावी लागते. परंतु प्रोग्रामचा दुसरा भाग त्या जागेचा पत्ता, म्हणजेच संदर्भ, अद्याप बाळगून असेल तर काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तरांचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

संदर्भगणनेचा उगम :
जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये संदर्भगणनेची पद्धत मांडली. ग्रंथालयात पुस्तक कोणाच्याही नावावर नाही, हे देवघेव नोंदवहीत पाहूनच ते बाद केले जाते, तत्त्व तेच. मात्र दोन नोंदी परस्परांचा संदर्भ धरून बसल्यास गणना शून्यावर येतच नाही, ही उणीव मॅकबेथ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिली.

क्यूएमूमधील वाटचाल :
फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये क्यूएमू हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. पुढे त्यात अनेक थ्रेड आले, तरी बहुतांश काम एकाच सामाईक कुलुपाखाली चाले. त्यामुळे हा प्रश्न झाकलेला राहिला. २०११ मध्ये मेमरी-क्षेत्रांची नवी रचना आली. कुलूप सैल करण्याच्या ओघात २०१३ मध्ये असा नियम झाला की, गणना क्षेत्राची नव्हे, तर त्याच्या मालक उपकरणाची वाढवावी. कारण क्षेत्र सामान्यतः उपकरणाच्याच नोंदीत सामावलेले असते. २०१५ मध्ये आरसीयू पद्धतीची जोड मिळाली. तीत वाचणाऱ्या थ्रेडला कुलूप लागत नाही. जुने वाचक बाहेर पडेपर्यंत मेमरी मोकळी करणे लांबविले जाते.

हा केवळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. झेन प्रणालीसोबतच्या क्यूएमूमध्ये एकच डिस्क दोनदा काढल्यास मोकळ्या झालेल्या मेमरीचा पुन्हा वापर होऊन पाहुण्या प्रणालीस यजमानावरील अधिकार मिळू शकत, असा दोष २०१५ मध्ये उघड झाला. एका विसरलेल्या संदर्भाने दोन यंत्रांमधील भिंतच कोसळते.

समारोप :
डिसेंबर २०२४ मधील ९.२ या आवृत्तीत रस्ट भाषेतील उपकरणांना प्रायोगिक स्थान मिळाले. या भाषेत संदर्भाच्या आयुष्याची तपासणी कंपायलर करतो. तथापि सी भाषेशी जोडणाऱ्या सीमेवर जबाबदारी प्रोग्रामरचीच राहते. वरील विवेचनावरून असे दिसते की, हा इतिहास म्हणजे प्रोग्रामरच्या स्मरणात असलेला नियम तपासता येईल अशा जागी लिहून ठेवण्याचा प्रवास आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांत सी भाषा शिकविताना मेमरी मागणे व परत करणे ही केवळ दोन फंक्शने म्हणून न शिकविता, मालकी कोणाची व कोठपर्यंत, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे प्रथम ठेवणे अगत्याचे आहे.