पेढ्यांचा डबा आणि ऑस्ट्रेलियाचा विमानतळ

शिकायला ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, पेढे नेले तर काय बिघडतं? आपण रोज खातोच की!" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं.

बंदरावर रोग अडवण्याची पद्धत जुनीच. १३७७ साली रगुसा, म्हणजे आजच्या डुब्रोव्निकने, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवलं. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि इटालियनमधल्या 'चाळीस'वरून 'क्वारंटाईन' हा शब्द आला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हीच जागतिक साथ जानेवारी १९०० मध्ये सिडनीत पोहोचली. तिथे ३०३ जणांना लागण झाली, १०३ दगावले. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि १९०८ मध्ये देशभरासाठी एकच क्वारंटाईन कायदा आला. माणसं, जनावरं आणि वनस्पती, तिन्ही त्यात होत्या. (१८५९ साली शिकारीच्या हौसेसाठी सोडलेल्या मूठभर सशांनी शेतीची काय दशा केली, हे तोवर त्यांनी चांगलंच पाहिलं होतं.) २०१६ पासून त्याची जागा बायोसिक्युरिटी कायद्याने घेतली आहे.

आता पेढ्यांकडे येऊ. आपल्याकडे गाई-म्हशींना लाळ्या-खुरकूत होतो, हे कुठलाही शेतकरी सांगेल. लहान मुलांच्या तोंडात आणि हातापायांवर फोड येतात तो आजार वेगळा, त्याचा विषाणूही वेगळा. पालक नेहमी गल्लत करतात. लाळ्या-खुरकूत दुधातून, मांसातून, अगदी बुटाच्या मातीतूनही जातो. ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर झालेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली तो शिरला, तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. डुकरांना घातलेलं नीट न उकळलेलं खरकटं हे त्याचं संभाव्य मूळ ठरलं. म्हणजे पेढा तुमच्या मुलाला बाधणार नाही. धोका आहे तो कचऱ्यात टाकलेल्या उरलेल्या पेढ्याचा. तुमचा खवा किती वेळ आटवला, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? २०२२ मध्ये हा रोग इंडोनेशियात आल्यावर तिथून येणाऱ्या प्रवाशांना ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर जंतुनाशक पायपुसण्यांवरून चालायला लावलं होतं.

म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम घरीच खाऊन निघा. बाकी जे काही खाद्यपदार्थ, बिया, काढ्याची पुडी बॅगेत असेल, ते प्रवासी कार्डावर 'हो' म्हणून लिहा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवली तर जबर दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर विद्यार्थी व्हिसाही रद्द होऊ शकतो. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरतीच न्या, मूळ पाकिटात, सोबत इंग्रजी प्रिस्क्रिप्शन ठेवून. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर ते नेण्याआधी मला दाखवा.