वाकलेल्या लाकडाची कहाणी

धंदा भांडवलावर उभा राहतो, हे वाक्य आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेले असते की ते एकदा तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. सुतारकामात तर ते अधिकच खरे भासते. लाकूड रोखीने घ्यावे लागते. ते नीट वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. करवत, रंधा, पटाशी ही हत्यारे हवीत, ती मांडायला जागा हवी. आणि गिऱ्हाइकाचा पैसा हाती पडतो तो मात्र सर्वांच्या शेवटी. म्हणूनच हातात कसब असलेले अनेक तरुण आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात राबतात व ‘भांडवल असते तर’ या तीन शब्दांत आपल्या इच्छेची बोळवण करतात.

या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी एका सुताराचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे. त्याने दोनदा आपला व्यवसाय उभारला. पहिल्यांदा तेविसाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा पन्नाशी उलटल्यावर, घरदार जप्त होऊन गेल्यानंतर. त्याचे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या परिचयाचे असेल. पण त्याने घडवलेल्या धाटणीच्या खुर्चीवर आपल्यापैकी अनेक जण बसलेले आहेत. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती मांडलेल्या, पाठीला गोलाकार कमान असलेल्या त्या काळपट, हलक्या लाकडी खुर्च्या आठवून पाहा. त्या कमानीचा जनक मिखाएल टोनेट होय.

टोनेटचा जन्म २ जुलै १७९६ रोजी ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या बोपार्ड या लहानशा गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. मुलाने सुतारकाम शिकून घेतले आणि १८१९ साली स्वतःचे दुकान थाटले. पुढच्याच वर्षी त्याचा विवाह झाला. त्याला तेरा मुले झाली; त्यांपैकी अनेक लहानपणीच दगावली आणि पाच मुलगे हाताशी आले. या पाच मुलग्यांना पुढील कथेत महत्त्वाचे स्थान आहे.

त्या काळी खुर्चीचा वळणदार भाग कसा करीत, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. जाड फळी घ्यायची व ती कोरून, तासून तिच्यातून वळण बाहेर काढायचे, ही पद्धत होती. त्यात अर्ध्याहून अधिक लाकूड भुसा आणि ढलप्या होऊन वाया जाई. शिवाय वळणावर लाकडाची शीर तुटल्यामुळे नेमका तोच भाग कमजोर राही. त्याला जोड देण्यासाठी खाचा पाडणे, खुंट्या बसवणे यांत कुशल सुताराचे तासन्तास खर्च होत. श्रीमंतांच्या घरी हे परवडे. पण मोजक्या पैशांत धंदा करणाऱ्या सुताराला वाया जाणारी प्रत्येक ढलपी हा तोटाच होता.

टोनेटने १८३०च्या सुमारास वेगळा विचार केला. कोरून वळण काढण्याऐवजी लाकूडच वाकवले तर? त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या कापल्या, त्यांचे जुडगे सरसात उकळले आणि साच्यात दाबून त्यांना हवा तो आकार दिला. पट्ट्या वाळल्यावर त्यांची एकजीव कमान तयार होई. ती वजनाने हलकी, दिसायला सुबक आणि कोरीव कमानीपेक्षा चिवट असे. लाकूड कमी लागे, सांधे कमी लागत, श्रमही कमी. या शोधामागे विद्यापीठ नव्हते, की राजाश्रय नव्हता. काटकसर करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या माणसाची बुद्धी होती.

पण शोध लागला म्हणजे दैन्य संपले असे होत नाही. आपली पद्धत दुसऱ्यांनी उचलू नये म्हणून टोनेटने परदेशांत हक्क नोंदवण्याची खटपट आरंभली. त्यासाठी पैसा लागला आणि तो कर्जाऊ काढावा लागला. हक्क मिळेनात आणि कर्ज मात्र वाढत गेले. येथे बारकाईने लक्ष द्यावे असे वाटते. हा माणूस कसबात कमी पडला नव्हता, त्याची खुर्ची वाईट नव्हती, गिऱ्हाइकेही होती. धंद्याच्या नफ्यातून जे फेडता येणार नव्हते अशा कर्जाने त्याला गाठले.

१८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात त्याने आपले फर्निचर मांडले. मूळचे त्याच मुलखातले आणि त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे चॅन्सेलर असलेले प्रिन्स मेटर्निख यांच्या नजरेस ते पडले. त्यांनी टोनेटला व्हिएन्नास येण्याचा सल्ला दिला. १८४२ साली तो तेथे गेला आणि १६ जुलै रोजी त्याला दरबाराकडून लाकूड वाकवण्याचा विशेष हक्क मिळालाही. परंतु त्याच सुमारास बोपार्डमध्ये सावकारांनी त्याच्या मालमत्तेवर टाच आणली. राहते घर आणि कारखाना दोन्ही गेले. १८४३ साली त्याचे कुटुंब व्हिएन्नाला येऊन पोहोचले, तेव्हा सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावरील या गृहस्थाजवळ एक कागद, एक विद्या आणि मुलांचे हात यांपलीकडे काही उरले नव्हते.

अशा वेळी दुसरा कोणी असता तर त्या हक्काच्या कागदावर पुन्हा कर्ज काढले असते. टोनेटने तसे केले नाही. तो मुलांसह कार्ल लाइस्टलर या बड्या कारखानदाराकडे कामाला राहिला. लिखटेनश्टाईन राजघराण्याच्या वाड्याची सजावट त्या वेळी चालू होती. तेथील लाकडी नक्षीची जमीन व नाजूक खुर्च्या यांच्या कामात बापलेकांनी काही वर्षे घालवली. स्वतः शोध लावलेल्या माणसाने परक्याच्या छताखाली राबावे, हे वरवर पाहता मानहानीचे वाटेल. वस्तुतः ती त्याची दुसरी उमेदवारी होती. मोठे काम कसे अंगावर घ्यावे, मुदती कशा पाळाव्यात, राजधानीतील ग्राहकाची आवड काय, हे सारे दुसऱ्याच्या भांडवलावर शिकून झाले. आणि मुलगेही तयार झाले.

१८४८च्या क्रांतीने व्हिएन्ना हादरली. खुद्द मेटर्निख यांना देश सोडून पळावे लागले. ज्याच्या शब्दावर येथे आलो तो आधारच नाहीसा झाला असताना, १८४९ साली टोनेटने गुम्पेनडॉर्फ या उपनगरात मुलांना घेऊन स्वतंत्र काम सुरू केले. प्रारंभीची मोठी मागणी आली ती व्हिएन्नातील दाउम या कॉफीगृहाकडून. नंतर पेस्ट शहरातील एका हॉटेलने चारशे खुर्च्या मागवल्या. राजवाड्यांच्या मानाने कॉफीगृह हे किरकोळ गिऱ्हाईक; पण राजा एकदा खुर्ची घेतो आणि पिढ्यान् पिढ्या वापरतो. कॉफीगृहाला एकाच नमुन्याच्या शेकडो लागतात, त्या सारख्या हलवाव्या लागतात, त्या स्वस्त आणि दणकट असाव्या लागतात. टोनेटच्या खुर्चीचे गुण आणि कॉफीगृहाची गरज यांचा असा मेळ बसला. १८५१च्या लंडन प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. १८५३ साली त्याने व्यवसाय पाचही मुलांच्या नावे करून दिला. तोच ‘गेब्रूडर टोनेट’, अर्थात ‘टोनेट बंधू’.

पुढे एक नवी अडचण उभी राहिली. दूरदेशी पाठवलेल्या खुर्च्यांचा सरस दमट हवेत सुटू लागला. कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांना पावसाळ्यात फुगणारी कपाटांची दारे ठाऊक आहेत. त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. तेव्हा सरसाने चिकटवलेल्या पट्ट्या सोडून अखंड दांडाच वाकवायचा, असे ठरले. त्यात मेख अशी की लाकूड वाफेने मऊ झाले तरी ते दबते, पण ताणले जात नाही. वाकवताना त्याची बाहेरची बाजू फाटते. टोनेटने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळली. पट्टी ताणाला आवर घाली आणि लाकडाला आतल्या बाजूने दबण्यावाचून मार्ग उरत नसे. अशा प्रकारे वाकवलेला दांडा लोखंडी साच्यात अडकवून वाळवला की वळण कायमचे राही. १८५६ साली या पद्धतीचाही हक्क त्यांनी मिळवला.

यासाठी बीच वृक्षाचे सरळ शिरेचे लाकूड उत्तम. ते तोवर बरेचसे सरपणातच जात असे. मोराविया प्रांतातील कोरिचान येथे बीचच्या जंगलालगत टोनेट बंधूंनी कारखाना उभारला. तेथे कसबी सुतार नव्हते. पण आता त्यांची गरजही उरली नव्हती. एकाने दांडे कापायचे, दुसऱ्याने वाकवायचे, तिसऱ्याने घासायचे, असे काम वाटले गेले. वेत विणणे, घासणे, रोगण लावणे यांत गावातील स्त्रियांचा मोठा वाटा होता.

१८५९ साली चौदा क्रमांकाची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. बोटीचे भाडे त्यामुळे कितीतरी उतरले. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. १९३०पर्यंत तिच्या सुमारे ५ कोटी प्रती विकल्या गेल्या असे सांगितले जाते. १८६९ साली हक्काची मुदत संपताच प्रतिस्पर्धी पुढे आले. तोवर टोनेट बंधूंचे बस्तान पक्के बसले होते. ज्या हक्कांच्या नादात बोपार्डचे घर गेले, त्यांच्यावाचूनही धंदा टिकला. ३ मार्च १८७१ रोजी मिखाएल टोनेट व्हिएन्नात निवर्तला. मोरावियातील बिस्ट्रिट्झ येथे त्याच्या मुलांनी काढलेल्या दुसऱ्या कारखान्यात आजही, वेगळ्या कंपनीच्या नावाखाली, वाफेने लाकूड वाकवले जाते.

या यशाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. बोपार्डच्या दुकानात एक सुतार अखंड खुर्ची घडवीत असे व ती आपली म्हणून ओळखत असे. कोरिचानच्या कामगाराच्या वाट्याला तो आनंद आला नाही. त्याने आयुष्यभर दांडे वाकवले असतील, पण खुर्ची केली असे त्याला कधी म्हणता आले नसेल. स्वस्त वस्तू हजारो घरांत पोहोचली, तिची ही किंमत होती.

तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर या चरित्रात सापडते. भांडवल लागतच नाही, असे टोनेटचे आयुष्य सांगत नाही. तसे म्हणणे हा तरुणांशी खोटेपणा ठरेल. ते सांगते ते इतकेच, की पैसा नसतो तेव्हा त्याची जागा घेणाऱ्या काही गोष्टी असतात. वाया जाणारे वाचवण्याची युक्ती ही एक. आधी दुसऱ्याकडे राबून शिकण्याची तयारी ही दुसरी. मानाच्या गिऱ्हाइकापेक्षा पुन्हा पुन्हा येणारे गिऱ्हाईक ओळखण्याची नजर ही तिसरी. आणि एका कामात गुंतलेले घरचे हात ही चौथी. यांतील एकही गोष्ट सावकाराकडे मिळत नाही.

कोरडे लाकूड बळाने वाकवले तर मोडते. त्याला आधी वाफ द्यावी लागते, पाठीला पट्टीचा आधार द्यावा लागतो आणि साच्यात पुरेसा काळ राहू द्यावे लागते. टोनेटने हे लाकडाच्या बाबतीत शोधून काढले. त्याच्या स्वतःच्या आयुष्यालाही तोच नियम लागू पडला.