काळा दगड, पांढरें शिखर

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाचें देऊळ दाखवितांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, यांतलें खरें देऊळ कोणतें? खालचें काळें, कीं वरचें पांढरें?" खालच्या काळ्या दगडांत कोरलेल्या देवदेवता व सुरसुंदरी १३ व्या शतकांतील, यादवकाळच्या. पुढें वरचा भाग भग्न झाला. कालांतरानें त्यावर चुनेगच्ची शिखर उभें राहिलें. एक वर्ण निर्मात्यांचा, दुसरा जीर्णोद्धारकांचा.

"मग उपरें पांढरें काढून टाकावें!" मुलगा म्हणाला.

मीं म्हटलें, "बाळ, तें काढलेंस, तर भंगलेलें देऊळ ज्यांनीं पुन्हां उभें केलें, त्यांची साक्षच पुसशील. या देवळाची ओळख दोन्ही रंगांनीं मिळून झाली आहे."