आईच्या डब्यातल्या सुया

दिवाळीची आवराआवर पुण्यातली असो की सिंगापूरच्या फ्लॅटमधली, एखादी जुनी वस्तू हाती लागते आणि काम तिथेच थांबतं! गेल्या वर्षी माझ्या हाती आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला. आई गेल्यावर साताऱ्याचं घर रिकामं करताना मी तो न उघडताच सामानात टाकला होता. आत अंगुस्तान, रिळं आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून ठेवलेल्या सुया होत्या. लेक म्हणाली, "आई, गंजल्यात या. टाकून दे ना, सगळ्या सारख्याच तर आहेत!"

सारख्या मुळीच नव्हत्या. पण कोणती कशाची, हे मलाही सांगता येईना. शेवटी ८४ वर्षांच्या मावशीला फोन लावला. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, त्यामुळे फोटो पाठवून उपयोग नव्हता. ती म्हणाली, "टोक कसं आहे ते सांग, नेढं केवढं आहे ते सांग. मी ओळखते."

सुईच्या भोकाला नेढं म्हणतात, हे आपल्या मुलांना कुठून ठाऊक असणार? राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात. गड चढणाऱ्यांनी सुईतला शब्द डोंगराला दिला!

पहिली सुई बोटभर लांब, जाड, टोकाशी चपटी आणि किंचित वाकडी. "दाभण गं! धान्याची पोती शिवायला." चपटं टोक तागाचे धागे न तोडता बाजूला सारतं आणि बाक असल्यामुळे गच्च भरलेल्या पोत्यात खुपसलेली सुई पुन्हा वर येते. दुसरीचं टोक तिधारी. ती चामड्याची. गोल टोक चामड्यात अडतं, तिधारी टोक ते कापत जातं. तिसरीला लाकडी मूठ, टोकाला बारीक आकडा आणि नेढंच नाही! ती आरी. दोरा कापडाखाली धरायचा आणि आकड्याने वर ओढून साखळी टाका घालायचा. कच्छचे मोची कारागीर हे भरतकाम करत. चामड्यावरचं हत्यार त्यांनी रेशमावर आणलं. आज लग्नाच्या ब्लाऊजवर आपण जे हौसेने 'आरी वर्क' करून घेतो, ते हेच.

साध्या सुयांच्या पाकिटावर रेडिच हे इंग्लंडमधल्या गावाचं नाव होतं. एकोणिसाव्या शतकात जगातल्या बहुसंख्य सुया तिथे बनत. तिथल्या फोर्ज मिलमध्ये १७३० च्या सुमारापासून पाणचक्कीवर सुया घासून चकचकीत करत. दोन सुयांच्या लांबीची तार कापायची, दोन्ही टोकं घासायची, मधे दोन नेढी पाडायची आणि मग मोडून दोन सुया करायच्या. टोकं कोरड्या दगडावर घासताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाई आणि त्यांतले कित्येक तरुणपणीच दगावत. दुर्योधनाने पांडवांना सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती नाकारली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या अग्रापायी माणसं मेली, हे मात्र मला या वयात कळलं.

शेवटची सुई केसासारखी बारीक, लांब आणि लवचिक. मावशी क्षणभर थांबली. "ती मण्यांची. तुझ्या आईने स्वतःच्या रुखवतासाठी तोरण केलं होतं ना, तिचीच." साध्या सुईचं डोकं नेढ्यापाशी जरा फुगीर असतं, ते मण्यात अडकतं. हिचं नेढं लांबट आणि अंगाएवढंच अरुंद. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मण्यांच्या सुया साधारण १० ते १५ नंबरच्या असतात.

मग लेकीला घेऊन आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकन म्युझियममध्ये गेले. २००८ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय २०२३ मध्ये नव्याने उघडलं. तिथे पेनांगचा एक टेबलक्लॉथ आहे, त्यावर सुमारे दहा लाख काचेचे मणी! न्योन्या मुली लाकडी चौकटीवर कापड ताणून, युरोपातून आलेले बारीक मणी एकेक करून शिवत. मण्यांच्या चपला, म्हणजे 'कासुत मानेक', लग्नासाठी करत. त्या कामावरून नवऱ्या मुलीचा हात जोखला जाई. आपल्याकडे रुखवत मांडलं की बायका नेमकं तेच पाहत. लेक काचेला नाक लावून म्हणाली, "म्हणजे आजीचीसुद्धा परीक्षाच होती की!"

मावशीला आता फोनवर ऐकू येत नाही. पण त्या दिवशी तिने सांगितलेलं मी चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येक सुईपाशी टाचलं होतं. चिठ्ठ्या लेकीने इंग्रजीत पुन्हा लिहिल्या, 'नेढं' आणि 'दाभण' मात्र तसेच ठेवून.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. या दिवाळीत तो उघडा, आणि सांगणारं कुणी आहे तोवर घरी एक फोन करा.