किंगरी आणि अँप्लिफायर

माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला गेलो होतो. गोंडी कथेनुसार या गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना हिरासुका पाटालीरच्या किंगरीने बळ आले आणि त्यांनी शिळा ढकलली. एवढेसे वाद्य, पण पोरांपर्यंत पोचले!

घरी होम थिएटर घ्यायचे चालले होते. हिला हल्ली सिनेमातले संवाद नीट कळत नाहीत. दुकानदार वॅटच सांगत होता. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. १९९२ साली चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले. त्या ५.१ रचनेत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून अँप्लिफायर साधा घेतला, पैसे मधल्या स्पीकरवर घातले. सबवूफर पुढच्या दिवाळीला.

आता विनोदाला ती माझ्याआधी हसते.