२३. ‘मास्तर’, ‘पंत’, ‘बुवा’ आणि ‘खाँसाहेब’

मास्तर म्हणजे पुरुषोत्तम दारव्हेकर, नागपूरच्या ‘रंजन कला मंदिर’चे संस्थापक. नाट्यवर्तुळात त्यांना नावाने हाक मारणारे थोडेच, त्यामुळे खासगी पत्रांतही ते सर्वत्र ‘मास्तर’च आहेत. पंत हे ‘नाट्यसंपदा’चे प्रभाकर पणशीकर, बुवा हे पं. जितेंद्र अभिषेकी. ‘खाँसाहेब’ मात्र कुणी खरे गवई नव्हेत. दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधले ते आफताब हुसेन बरेलीवाले. राजगायकाला मिळणाऱ्या कट्यारीने केलेला एक खून माफ, या अटीभोवती सगळे नाटक फिरते. त्यातले खाँसाहेब रंगवले वसंतराव देशपांडे यांनी. त्यामुळे पत्रात ‘खाँसाहेबांची तब्येत नरम’ असे आले, तर ती वसंतरावांची समजावी.

वसंतरावही नागपूरच्याच मातीत वाढलेले. शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणे शिकले, लहानपणी भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाले आणि पुढे कित्येक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात खर्डेघाशी करत राहिले. अशा माणसाला ऐन संगीत नाटकाच्या पडत्या काळात मध्यवर्ती भूमिका मिळाली आणि तिचे सोने झाले. लेखक नागपूरचा, गवई नागपूरचा, पण नाटक उभे राहिले मुंबईच्या ‘नाट्यसंपदा’तर्फे. याची रुखरुख नागपूरकरांना अजून आहे, आणि ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला वसंतरावांचे नाव आहे. त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र भरवते.