खानदेशातील पर्यटन नेतृत्व आणि स्त्रिया : गुणात्मक इतिहासलेखनाची आवश्यकता

प्रस्तावना :
अजिंठ्याचे प्रवेशद्वार असलेले जळगाव, मुक्ताईनगर, पद्मालय, पाटणादेवी, धुळ्याजवळील लळिंग किल्ला ही खानदेशातील परिचित स्थळे होत. या स्थळांच्या कारभारात स्त्रियांना निर्णयाचा अधिकार कितपत होता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

पद आणि अधिकार :
१९६२ साली जळगावमधून विधानसभेवर निवडून आलेल्या प्रतिभा पाटील १९६७ ते १९७२ या काळात राज्याच्या उपमंत्री होत्या. त्यांच्याकडील खात्यांत पर्यटनाचाही समावेश होता. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ त्यानंतर, १९७५ साली स्थापन झाले. तथापि एका व्यक्तीच्या पदावरून समस्त स्त्रीवर्गाच्या स्थितीचे अनुमान काढता येत नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण ५० टक्के झाले. यात्रेच्या गावी पाणी, स्वच्छता, दिवाबत्ती ही कामे ग्रामपंचायतीकडे येत असल्याने तेथील महिला सरपंच पर्यटनाच्याही नेतृत्वस्थानी असते. २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणाने महिला उद्योजकांना १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची तरतूद केली. परंतु सही एकीची आणि निर्णय दुसऱ्याचा असेल, तर समानता कागदावरच राहते.

साधने व पद्धती :
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अस्सल कागदपत्रांवर भर देणारी ही परंपरा खानदेशास भूषणावह आहे. मात्र प्रस्तुत विषयात कागद अपुरा पडतो. इतिवृत्तात ठरावाचे सूचक व अनुमोदक सापडतात. बैठकीपूर्वी घरात काय ठरले, हे सापडत नाही. म्हणून सखोल मुलाखती, मौखिक इतिहास व सहभागी निरीक्षण यांचा अवलंब करावा लागतो. दुकानांच्या जागा कोणी वाटल्या, हिशेब कोणाच्या हाती होता, विरोध कोणी केला, असे नेमके प्रश्न विचारावेत. मुलाखत शक्यतो एकांतात आणि अहिराणी वा लेवा बोलीत घ्यावी. प्रमाण मराठीतील छापील प्रश्नावलीस औपचारिक उत्तरेच मिळण्याचा संभव अधिक. स्मृती दगा देते, म्हणून मिळालेले कथन इतिवृत्ते व हिशेबवह्यांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
पदांची संख्या मोजल्याने प्रतिनिधित्व कळते, सत्ता कळत नाही. आरक्षणाच्या पहिल्या पिढीतील सरपंच स्त्रिया आता वृद्धत्वाकडे झुकल्या आहेत. त्यांचे अनुभव वेळीच नोंदविले नाहीत, तर खानदेशाच्या सामाजिक इतिहासातील हे पान कोरेच राहील. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी हे कार्य हाती घेणे इष्ट ठरेल.